कुंदाचे आभार कुणी घेतलेच नाहीत

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या वासणा भागातल्या भाजीवाल्याशी पापडीवरून भांडत होते. पापडी जून होती आणि ती कोवळी आहे असं तो मला शिकवत होता. फोन कुंदाच्या सुनेचा, पिनलचा. पिनल गुजराती घरातली, पण माझ्याशी हट्टाने मराठीतच बोलते. त्या दिवशी मात्र तिचं मराठी सुटलं. "सुधामावशी, मम्मी ऑफ थई गयां..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. बडोद्यात माणूस मरत नाही, 'ऑफ' होतो. शाळेत शिकवत असताना कुंदा आणि मी या शब्दाला फार हसायचो. मी म्हणायचे, माणूस काय पंखा आहे? त्यावर ती म्हणायची, "पंखा बरा गं, परत चालू तरी होतो." ...मी ती जून पापडी मुकाट्याने घेतली, घरी आले आणि ओट्यावर ठेवून तिच्याकडे बघत बसले.

ती जाणार हे ठाऊक होतं. पोटाचा आजार होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. तरी 'ठाऊक असणं' आणि 'होणं' यांत जे अंतर असतं ते असतंच. दुपारी आमच्या जुन्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप पडायला लागले. 'ईश्वरेच्छा बलीयसी.' 'देवाने सोडवलं.' 'पुण्यवान आत्मा, प्रभुचरणी विलीन.' खाली जोडलेल्या हातांची रांग. मी काहीच लिहिलं नाही. लोकांना वाटलं, मैत्रीण ना, धक्क्यात असेल. धक्का होताच, पण मी चिडलेही होते. कारण कुंदाने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं आणि ते याच वाक्यांना वैतागून लिहिलं होतं. त्या पुस्तकाचं काय झालं हे सांगितल्याशिवाय मला कुंदाबद्दल काही सांगताच येणार नाही.

कुंदा मोहिते आणि मी एकाच मराठी शाळेत शिकवलं. ती शाळा आता नाही. शेवटी शेवटी वर्गात मुलांपेक्षा बाकं जास्त होती, मग बाकंही गेली. ती शिलेदारांच्या घराण्यातली. "पणजोबांनी तलवार खुंटीला टांगली, आणि आमच्या ह्यांनी पाना हातात घेतला," असं म्हणायची; कारण तिचे यजमान विलासराव मकरपुऱ्यात एका कंपनीत फिटर होते. आम्ही कचेरीतल्या कारकुनांच्या वंशातले, लेखणी आणि पोटाचे विकार एवढीच आमची इस्टेट. तिच्या घरी रविवारी मटण शिजायचं आणि मी 'वास घ्यायला' म्हणून जायचे आणि जेवून यायचे. देवाच्या बाबतीत मात्र आमचं उलटं होतं. मी लहानपणापासून नास्तिक, तेही वाद घालणारी. आणि ती दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाणारी, उपास न चुकवणारी. मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, "तू बस ने घरी. तुझ्या वाटचा नमस्कार मी करून येते." आणि खरंच करून यायची.

मग विलासरावांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरात झालेलं नाही त्यांना सांगून कळत नाही. मुलगा नीलेश तेव्हा नोकरीत नवा, सुट्टी मिळायची नाही. तेव्हा कुंदाच्या बाजूने तीन माणसं उभी राहिली. एक रफीकभाई, रिक्षावाले. सुभानपुऱ्यातल्या तिच्या सोसायटीच्या नाक्यावर उभे राहायचे. पहाटेच्या पाळीला रिक्षा मिळत नाही म्हणून ते स्वतः दारात यायचे, आणि विलासरावांना जिन्यावरून जवळजवळ उचलून आणायचे. दुसऱ्या हंसाबेन, वरच्या मजल्यावरच्या, जैन. त्यांच्याकडे आयंबिलाच्या व्रतात तेल, तूप, मसाला, काही न घालता रांधतात, त्यामुळे पथ्याचं अळणी जेवण चवदार कसं करायचं हे सगळ्या सोसायटीत एकट्या त्यांनाच येत होतं. डायलिसिसच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्यांचा डबा खाली यायचा. आणि तिसऱ्या मार्थाबेन, आणंदकडच्या ख्रिस्ती नर्स. विलासरावांना सुईची लहान पोरासारखी भीती होती; मार्थाबेन त्यांना क्रिकेटवरून चिथवायच्या आणि ते तावातावाने बोलत असताना सुई लावून मोकळ्या व्हायच्या. काही वर्षं अशी गेली, आणि एका उन्हाळ्यात विलासराव गेले.

भेटायला येणारा प्रत्येक जण कुंदाला सांगायचा, "देवाची कृपा, एवढी वर्षं तरी दिली." तिची मोठी जाऊ एका महाराजांच्या मठात जाते. ती म्हणाली, "महाराज पाठीशी होते म्हणून तर असला रिक्षावाला मिळाला." मी तिथेच बसले होते. माझ्या जिभेवर आलंच, की महाराजांना रिक्षाच पाठवायची होती तर आधी आजार कशाला पाठवला? पण दुःखाचं घर, गप्प बसले. नंतर पाहुणे गेल्यावर कुंदा कपबशा विसळता विसळता म्हणाली, "सुधा, मी देवाशी भांडलेली नाहीये. त्याचे आभार मानायला सगळं गाव आहे. हंसाबेनचे कोण मानणार?" मला वाटलं, रागात बोलतेय, निवळेल. पण कुंदाचा राग निवळत नसे, तो कामाला लागत असे. वर्षभर ती लिहीत होती. छोटंसं पुस्तक झालं, 'ज्याचं त्याला'. दयेबद्दल, कृतज्ञतेबद्दल लिहिलेली पुस्तकं बहुधा उपदेश करतात. हिच्या पुस्तकात उपदेश नव्हता. एकेका माणसावर एकेक प्रकरण होतं, त्याच्या नावानिशी. त्याने काय केलं, कसं केलं, तेव्हा आपल्याला काय वाटलं... बस. आणि सबंध पुस्तकात 'देव' हा शब्द एकदाही नव्हता. दर गुरुवारी देवळात जाणाऱ्या बाईच्या पुस्तकात! माझ्यावर प्रकरण नव्हतं म्हणून मी थोडी फुरंगटले. तर म्हणाली, "तू माझीच. स्वतःचे आभार मानतं का कुणी?"

पुस्तक छापून आलं तेव्हा ती लग्नाची आमंत्रणं करायला निघावी तशी निघाली. कोरी साडी, पेढ्यांची पुडी, पिशवीत पुस्तकं. तिघांनाही मराठी वाचता येत नाही, तेव्हा ज्याचं प्रकरण त्याच्यासमोर बसून वाचायचं आणि समजावून सांगायचं असा तिचा बेत. मला बरोबर नेलं. आधी हंसाबेन. त्यांनी सगळं ऐकलं, मान हलवत, डोळे मिटून. ऐकून झाल्यावर पेढा बाजूला ठेवला आणि अतिशय प्रेमाने म्हणाल्या, "कुंदाबेन, तमे अमथां आभार मानो छो. में तो मारां कर्म खपाव्यां. एमां तमारा पर उपकार शानो?" म्हणजे, मी माझी कर्मं फेडली, त्यात तुमच्यावर उपकार कसला? वर हेही म्हणाल्या की नाव छापलं ते बरं नाही केलं, केलेल्याचं मी-पण चढतं, शक्य असेल तर काढा. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्या बाईचं तसंच वागणं आहे, उजव्या हाताने दिलेलं डाव्यालाही सांगणार नाही. कुंदा हसून "सारुं", बरं, म्हणाली. जिन्यात मात्र थांबली. कठड्याला धरून उभी राहिली थोडा वेळ.

मार्थाबेनना भेटायला दवाखान्याच्या बाकावर बसलो. त्यांना तर पुस्तक फार आवडलं. रडल्या. म्हणाल्या, आमच्या प्रार्थनासभेत हे प्रकरण साक्ष म्हणून वाचणार. कुंदाचा चेहरा फुलला. मग मार्थाबेन म्हणाल्या, "पण बेन, आमां एक भूल छे. में नथी कर्युं. प्रभुए मारा हाथे कराव्युं. महिमा एनो, मारो नहीं." मी केलं नाही, प्रभूने माझ्या हातून करवलं. पुन्हा छापाल तेव्हा तेवढं सुधारा, नाहीतर माझं नाव नको. कुंदाने विचारलं, "आणि ते क्रिकेट? तेही प्रभूने?" मार्थाबेन मनापासून म्हणाल्या, "बधुं." सगळं.

रफीकभाईंनी तर वाचूच दिलं नाही. नाक्यावर रिक्षात बसून कुंदाने पुस्तक उघडलं आणि पहिलं वाक्य वाचलं, त्यात त्यांचं नाव होतं, तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात कानाला लावले. "बेन, ये रहने दो. शुक्र तो ऊपरवाले का. नेकी का ढोल पीटा तो नेकी गई. मेरा नाम निकाल दो, मेहरबानी होगी." कुंदा म्हणाली, पूर्ण ऐका तरी. ते म्हणाले, ऐकलं की मनाला आवडेल, आणि आवडलं की संपलं. पेढा मात्र त्यांनी घेतला, आणि आम्हाला घरी सोडलं.

आपल्याकडे चारचौघांत नाव घेऊन आभार मानणं म्हणजे मान. शाळेच्या संमेलनात आम्ही शिपायापासून मंडपवाल्यापर्यंत नावं घ्यायचो, एखादं राहिलं तर तो वर्षभर रुसायचा. कुंदाने जन्मभर सूत्रसंचालन केलेलं, तिला वाटलं जग असंच चालतं. पण ज्यांना तिने मान देऊ केला त्यांच्या लेखी नाव छापलं की केलेलं पुसलं जात होतं. यात कुणाची चूक, मला आजही सांगता येत नाही. तिघंही तिच्याशी खोटं बोलले नाहीत. तिघांनीही आपापल्या धर्मातलं अत्यंत चांगलं तेच सांगितलं. मी धर्मांना नावं ठेवत आयुष्य काढलं, पण त्या आठवड्यात मला कुणालाच नाव ठेवता येईना, आणि तीच पंचाईत होती.

त्यानंतर एका दुपारी ती माझ्याकडे वासण्याला आली. मी चहा टाकला होता. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "सुधा, माझे आभार कुणी घेतच नाही गं. ज्याला द्यावे तो वर पाठवून देतो." मी हसण्यावारी न्यायला बघितलं. म्हटलं, टपालखातं आहे असं समज. ती हसली नाही. म्हणाली, "तसं नाही. हंसाबेनने कर्मासाठी केलं, मार्थाबेनने प्रभूसाठी, रफीकभाईंनी अल्लासाठी. मग ह्यांच्यासाठी कुणी केलं? माझ्यासाठी कुणी केलं? आम्ही दोघं कोण होतो मग... त्यांच्या पुण्याचं सामान?" चहा उतू गेला, दोघींपैकी कुणी गॅस बंद केला नाही. "मला दुसरं काही नको. एकाने, एकाने तरी म्हणावं, हो कुंदाबेन, मी केलं, तुमच्याकडे बघून केलं. म्हणजे मला कळेल की तेव्हा आम्ही एकटे नव्हतो." मी म्हटलं, "मी होते ना?" तर म्हणाली, "तू होतीस गं. पण तू देव मानत नाहीस, तू माझ्यासाठी करण्यात नवल ते काय? तुला दुसरा धंदाच नाही." तेव्हा कुठे थोडी हसली.

पुढचं सांगायला मला आवडत नाही. पुस्तकाच्या थोड्याच प्रती होत्या, त्या ओळखीपाळखीत संपल्या. मराठी वाचणारे असे कितीसे उरलेत बडोद्यात. तिच्या सख्ख्या नातवाला ते वाचता येत नाही, तो बाराखडी गुजरातीतून शिकला. ज्यांनी वाचलं त्यांचा आक्षेप एकच: एवढं सुंदर लिहिलंय, पण देवाचं नाव कसं नाही? कुणी म्हणालं अहंकार, कुणी म्हणालं सूनबाईंच्या शिक्षणाचा परिणाम (हे कुंदाच्या सासरच्या एका आजोबांचं म्हणणं, त्यांनी पुस्तक उघडलंही नव्हतं). एक गृहस्थ तर मला म्हणाले की ही तुमची करणी, तुम्हीच बिचारीला नासवलीत. मग जाऊबाईंच्या मठातल्या लोकांनी सुचवलं, आम्ही पुन्हा छापतो, भरपूर छापतो, सुरुवातीला महाराजांचा फोटो आणि एक प्रार्थना तेवढी घालू. मला वाटलं कुंदा त्यांना जिन्यावरूनच परत पाठवेल. पण तोवर तिचं दुखणं सुरू झालं होतं. "छापू दे," म्हणाली. मी तिच्याशी कडकडून भांडले. तिने सगळं ऐकून घेतलं. "ज्यांचं आहे त्यांनाच नकोय, सुधा. मग मी कुणासाठी हट्ट धरू? तिघांनी नाव काढायला सांगितलंय. त्यांचा शब्द मोडू?"

दुसरी आवृत्ती आली. रफीकभाईंचे 'एक सज्जन रिक्षाचालक' झाले. हंसाबेन 'शेजारची एक माउली'. मार्थाबेन 'एक सेवाभावी परिचारिका'. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक ओळ कुणीतरी वाढवली, की करणारा वेगळाच, आपण निमित्त. सगळ्या खुणा गेल्या. आणि काय सांगू, ते पुस्तक चाललं! ज्यात माणूस उरला नाही ते माणुसकीचं पुस्तक लोकांनी डोक्यावर घेतलं. मठात वाटलं गेलं, वाढदिवसाला दिलं गेलं, कुणी पारायण करावं तसं रोज पानभर वाचायला लागलं. आमच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या एका बाईंनी मलाच एक प्रत भेट दिली. म्हणाल्या, वाचा, मनाला शांती मिळेल, लेखिका फार भाविक आहेत. मी घेतली. 'आभार' म्हणाले, आणि जीभ चावली.

शेवटची भेट तिच्या घरी. दवाखान्यातून परत पाठवलं होतं. मी तिला साबुदाण्याची पातळ पेज भरवत होते. चार चमचे गेले असतील, मग हाताने नको म्हणाली आणि पुटपुटली, "देव तुझं भलं करो." दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. ती हसायला लागली, हसताना पोटात कळ आली तरी हसत राहिली. "बघ... मीही वरच पाठवलं." मी म्हटलं, परत घे ते वाक्य, नीट बोल. तिने नुसता माझा हात धरला. दमली होती की तिला बोलायचं नव्हतं, कोण जाणे. डोळे मिटून पडली, आणि मी थोड्या वेळाने निघून आले.

सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये बेसणं ठेवलं. बेसणं म्हणजे पांढरे कपडे घालून यायचं, फोटोसमोर थोडं बसायचं, घरच्यांना हात जोडायचे आणि उठायचं. चाल गुजरात्यांची, पण बडोद्याच्या मराठी घरांनी ती कधीच आपली करून टाकलीय. निघताना आलेल्यांच्या हातात काहीतरी ठेवतात, बहुतेक करून एखादं स्तोत्राचं पुस्तक. नीलेशने आईचं पुस्तक ठेवलं होतं. दुसरी आवृत्ती. बिचाऱ्याने मनापासून केलं, आईचंच पुस्तक आईच्या बेसण्याला, याहून चांगलं काय, असंच कुणालाही वाटेल. लोक प्रत उचलत होते, कपाळाला लावत होते, 'किती सात्त्विक बाई' म्हणत होते. हंसाबेन आल्या, हात जोडून बसल्या. मार्थाबेन ड्यूटीच्या कपड्यांतच आल्या, खुर्चीत मान खाली घालून प्रार्थना करून गेल्या. मी खांबाशी उभी होते, कुणी माझ्याशी बोलू नये म्हणून चेहरा वाईट करून.

सगळे पांगल्यावर रफीकभाई आले. चपलांपाशी घोटाळत होते, मीच आत बोलावलं. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मग टेबलावरची एक प्रत उचलून माझ्याजवळ आले, आणि पानं उलटत हळूच म्हणाले, "सुधाबेन, इसमें मेरा नाम कहाँ पे है? पोती को दिखाना था." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, रफीकभाई, तुम्हीच तर काढायला सांगितलं होतं. "हाँ, वो तो बोला था मैंने." पुस्तक बंद केलं, पुन्हा उघडलं. "बोलना तो पड़ता है ना, बेन. मगर मुझे लगा, रखेंगी. कुंदाबेन किसी की सुनती कहाँ थीं..."

नीलेश जवळच होता, त्याला काही कळलं नाही. मी रफीकभाईंना सांगितलं, पहिल्या आवृत्तीची प्रत माझ्याकडे आहे.

काही दिवसांनी नीलेशने मला बोलावलं, आईच्या पुस्तकांतलं हवं ते घेऊन जा म्हणून. मी रफीकभाईंचीच रिक्षा मागवली आणि माझी प्रत पिशवीत टाकली. सुभानपुऱ्याच्या आधी एका लिंबाच्या सावलीत त्यांनी रिक्षा उभी केली, इंजिन बंद केलं. मी वाचत गेले, वाक्या-वाक्याला थांबून हिंदीत सांगत गेले. कुंदाने लिहिलं होतं की डायलिसिसनंतर ह्यांचं डोकं ठणकायचं, जरासा धक्का बसला तरी तोंड वाकडं व्हायचं. रफीकभाई हे कुणी न सांगता ओळखत. परतीच्या वाटेवर प्रत्येक स्पीडब्रेकर ते असा काढत की रिक्षा चढली कधी आणि उतरली कधी ते समजू नये. मागून गाड्या हॉर्न मारत, शिव्या देत, आणि हा माणूस ढिम्म. शेवटचं वाक्य होतं, 'माझ्या नवऱ्याचं दुखणं त्याच्या घरच्यांखेरीज आणखी एका माणसाला दुखत होतं, एवढं मला रोज त्या रस्त्यावर कळायचं, आणि त्या बळावर मी घरी जाऊन स्वयंपाक करायचे.'

रफीकभाई पुढे बघत होते. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. "बेन ये सब देखती थीं?" म्हणाले. समोरचा आरसा उगाच पुसला. मग म्हणाले, "सच बोलूँ सुधाबेन, अल्लाह के वास्ते तो मैं नमाज पढ़ता हूँ. स्पीडब्रेकर पे अल्लाह थोड़ी याद आता है. आरसे में विलासभाई का मुँह दिखता था. बेन का भी. उनके वास्ते किया था, और किसके वास्ते."

हेच. एवढंच. हे ऐकण्यासाठी ती बाई पेढे घेऊन दारोदार हिंडली, आणि ते शेवटी ऐकलं मी, जिला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. रागच आला मला, त्यांचा नव्हे, तिचा. थोडी थांबली असती तर काय बिघडलं असतं.

रफीकभाईंनी मागे वळून विचारलं, "उन तक पहुँच जाएगा ना, बेन?" हंसाबेन असत्या तर त्यांच्याकडे काही उत्तर असतं. मार्थाबेन तर लगेच हो म्हणाल्या असत्या. रफीकभाईंच्या स्वतःजवळही असेलच, पण ते विचारत होते मला, आणि माझ्या लेखी कुंदा संपली आहे. कुठेही नाही. खोटं बोलावं असं फार वाटलं. ओठ हललेही. पण तिच्याबाबतीत खोटं बोलायची सवय नाही मला... मी पुस्तक पिशवीत ठेवत राहिले, उगाच वेळ लावून.

त्यांनी रिक्षा चालू केली. सोसायटीच्या वळणाआधी स्पीडब्रेकर आहे. मागच्या मोटारीने हॉर्न दिला, पुन्हा दिला. मागच्या सीटवर दुखणारं कुणी नव्हतं, तरी रिक्षा इतकी सावकाश वर चढली आणि इतकी सावकाश खाली उतरली, की मला काही कळलंच नाही.